तारीख नको, पोच द्या

माझ्या आईला रोजगार हमीचा बेरोजगार भत्ता आजवर एकदाही मिळालेला नाही. दप्तरात त्याचं कारण सरळ आहे. तिने काम मागितलं आणि मिळालं नाही, असं कधी घडलेलंच नाही. प्रत्यक्षात ती जवळपास दर उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत काम मागायला जाते. रोजगार सेवक सांगतो, "मावशी, काम निघालं की निरोप देतो." नाहीतर, "साहेब तालुक्याला गेलेत, सोमवारी या." आई सोमवारी जाते. मंगळवारी कुणाच्या तरी शेतावर मिळेल त्या रोजावर जाते. पोच घेतलीस का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "कागद दिला न्हाई म्हंजे आपण गेलोच न्हाई. असंच असतंय त्यांचं."

हा लेख त्या न मिळालेल्या कागदाबद्दल आहे. बेरोजगारांसाठीच्या कार्यालयांचा विषय निघाला की आपण खेटे, बंद सर्व्हर, कर्मचाऱ्यांची उर्मट भाषा यांबद्दल बोलतो. ते सगळं खरं आहे, माझ्याही वाट्याला आलेलं आहे. पण एखादा कारकून उद्या गोड बोलायला लागला तरी आपल्या पदरात काही पडणार नाही, हेही तितकंच खरं आहे. या कार्यालयांची ताकद तोंडी नकारात आहे. 'नाही' हे लिहून द्यावं लागत नाही, म्हणून ते कितीही वेळा म्हणता येतं.

आधी आईच्या खिडकीबद्दल. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ चा. त्याचं कलम ७ सांगतं की काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता द्यायचा. पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा. महाराष्ट्रात मागणी नमुना ४ वर करायची आणि तारखेसह पोच घ्यायची. ही पोच फुटली की १५ दिवस मोजायला सुरुवात होते. या कायद्यात अकुशल मजुरीचा पैसा केंद्राकडून येतो, बेरोजगार भत्ता मात्र राज्याच्या तिजोरीतून द्यावा लागतो. म्हणजे काम दिलं तर बिल दिल्लीला, काम नाही दिलं तर बिल मुंबईला. आता सांगा, खालच्या माणसाने पोच का द्यावी? पोच न देणं हा आळस नाही, ती बचत आहे. आणि ही बचत सगळ्यात आधी भूमिहीन बाईच्या रोजातून होते.

ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, ज्याच्या अनुभवावर देशाचा कायदा उभा राहिला, त्या राज्यातली ही गत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. शंभराऐवजी १२५ दिवसांचं आश्वासन त्यात आहे, पण बहुतेक राज्यांना आता खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. भत्ता वाचवण्यासाठी जे राज्य पोच देत नव्हतं, ते मजुरीतही वाटा द्यावा लागल्यावर जास्त पोचा देईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या ग्रामपंचायतीत येऊन बसावं.

आता माझी खिडकी. २०२४ मध्ये एमए आणि नेट होऊन मी घरी बसले होते. पीएचडीचा प्रवेश व्हायचा होता. त्याच वर्षी राज्य सरकारने शिकलेल्या बेरोजगारांसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि विद्यावेतन जाहीर केलं. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,०००. मी ऑनलाइन अर्ज भरला. मोबाइलवर संदेश आला: कागदपत्र पडताळणीसाठी अमुक तारखेला सकाळी अकराला हजर राहावे. आमचं गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून चाळीसेक किलोमीटर. साडेसहाची एसटी चुकली तर पुढची बाराला पोचते. म्हणून साडेआठपासून मी कार्यालयाच्या पायरीवर बसून होते.

पहिल्या तारखेला सर्व्हर बंद होता. तीन वाजता सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. दुसऱ्या तारखेला वडिलांच्या नावात खोट निघाली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'स', आधार कार्डावर 'श'. प्रतिज्ञापत्र करून आणा. त्यासाठी वडिलांना तालुक्याला नेलं, त्यांचा रोज बुडाला. तिसऱ्या तारखेला प्रतिज्ञापत्र चाललं, पण उत्पन्नाचा दाखला जुना ठरला. माझा जातीचा दाखला हातात धरून खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला काय चिंता? तुमच्यासाठी सगळंच आहे की." मी म्हटलं, "सर, काय काय त्रुटी आहेत ते एकदा लिहून द्या, सगळं एकदमच आणते." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लिहून कशाला? तोंडी सांगितलं ना."

मी बाकावर बसले असतानाच एक मुलगा आला. "अरे, तू अमक्यांचा ना?" अशी त्याची चौकशी झाली, त्याला आत बोलावलं, दहा मिनिटांत तो बाहेर. त्याच्या कागदांत चूक होती की नव्हती, मला माहीत नाही. असेलही सगळं चोख. पण असती तर तीही दहा मिनिटांतच निस्तरली असती, एवढं मला कळलं.

तोपर्यंत जागा भरल्या. काही दिवसांनी मी माझ्या अर्जाची स्थिती उघडून पाहिली. तिथे नोंद होती: उमेदवार अनुपस्थित. तीन तारखा, तीन साडेसहाच्या गाड्या आणि मी अनुपस्थित. हजर असल्याचा पुरावा माझ्याकडे एकच होता, एसटीची अर्ध्या दराची तिकिटं. आईचं वाक्य आठवलं. दोन पदव्या घेऊन मी तिच्याच रांगेत उभी होते.

यावर आपल्याला नेहमी तीन उत्तरं ऐकवली जातात. तिन्हींचा समाचार घ्यायला हवा.

पहिलं उत्तर: सगळं ऑनलाइन करा, म्हणजे माणसाची गाठच पडणार नाही आणि जात दिसणार नाही. माझा अर्ज ऑनलाइनच होता. 'अनुपस्थित' ही नोंद संगणकाने आपल्या मनाने केली नाही. आणि जात फक्त दाखल्यावर दिसते असं कोण म्हणतं? ती नावाच्या स्पेलिंगमध्ये दिसते. आपल्या आईवडिलांच्या पिढीत किती जणांची जन्मतारीख १ जून आहे, ते घरी विचारून पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींना सोयीची वाटली ती तारीख पडली, कानाला ऐकू आलं तसं नाव लिहिलं गेलं. घरात कुणाला ते वाचून दुरुस्त करता येत नव्हतं. ज्या घरांत तीन पिढ्या दस्तऐवज जपून ठेवलेत, त्यांची अक्षरं जुळतात. आमची जुळत नाहीत. चूक लिहिणाऱ्याची आणि ती दुरुस्त करताना बुडणारा रोज मात्र आमचा. यंत्राला 'स' आणि 'श' यांतला फरक दिसतो, तो फरक कुठून आला ते दिसत नाही.

दुसरं उत्तर: हे भत्ते म्हणजे रेवडी आहेत, आणि खोटे लाभार्थी घुसतात म्हणून कडक तपासणी हवीच. ठीक आहे, तपासा. पण कोणी काय सिद्ध करायचं? पदवी दिली ती विद्यापीठाने, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला दिला तो महसूल खात्याने, आधार दिलं केंद्र सरकारने. एकाच सरकारच्या चार खिडक्यांचे कागद एकमेकांशी जुळवायचं काम ज्याच्या खिशात गाडीभाडं नाही त्याच्यावर टाकायचं आणि त्याला तपासणी म्हणायचं, हे कुठलं शहाणपण? खोटा लाभार्थी तर तयारीनेच येतो, त्याचे कागद जुळवूनच आणलेले असतात. अशा तपासणीत गळतो तो खरा गरजू.

हा लेख वाचणारे तुम्ही कदाचित रायपूरला असाल, बिदरला असाल, जयपूरच्या एखाद्या वसतिगृहात असाल. तुमच्या राज्यातलं चित्र बघा. केरळच्या जुन्या भत्त्याची रक्कम महिन्याला १२० रुपये, म्हणजे दिवसाला चार रुपये. छत्तीसगडने २०२३ मध्ये महिना २,५०० रुपये जाहीर केले. अट अशी की रोजगार कार्यालयातली नोंदणी किमान दोन वर्षं जुनी हवी आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. कर्नाटकात युवा निधी आली. पदवीधराला ३,०००, पदविकाधारकाला १,५००, तेही जास्तीत जास्त दोन वर्षं, पदवीनंतर १८० दिवस बेकार राहिल्यावर, आणि मी अजून बेकारच आहे असं वेळोवेळी स्वतः जाहीर करत राहायचं. राजस्थानात २०२२ पासून पुरुषाला ४,००० आणि स्त्रीला ४,५०० रुपये झाले, पण बदल्यात सरकारी खात्यात रोज चार तास काम. महिन्याचे २५ दिवस धरले तर शंभर तास, म्हणजे पुरुषाला तासाला ४० रुपये. याला भत्ता म्हणायचं की स्वस्त मजुरी, ते तुम्हीच ठरवा.

प्रत्येक योजनेत बेकाराने काय सिद्ध करायचं याची यादी लांबलचक आहे. कार्यालयाने किती दिवसांत काय करायचं आणि ते नाही केलं तर कोणाच्या पगारातून काय कापायचं, याची यादी घोषणेच्या जाहिरातीत तुम्ही कधी पाहिलीत का?

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते आपल्यातूनच येतं. नोकरीला लागलेले आपलेच काही दादा-ताई सांगतात: "भत्ते कसले मागता? बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, हात पसरा म्हणून नाही. स्पर्धा परीक्षा द्या. नीट बोलायला शिका. ओळख काढा." या दादांना मला एक आठवण करून द्यायची आहे. देशात रोजगार विनिमय केंद्रांचं जाळं उभं राहायला सुरुवात झाली १९४५ मध्ये, महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी. ते काम होतं कामगार खात्याकडे, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी कामगार खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे ही केंद्रं सगळ्यांना खुली झाली. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्याच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारीत सार्वजनिक साहाय्याचा हक्क एकाच ओळीत आहेत. तो मार्गदर्शक तत्त्वांचा भाग आहे, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, हे मान्य. पण मागायला लाज वाटावी असं त्यात काही नाही. शिक्षणाचा हक्क मागताना लाजलो नाही, मग त्याच ओळीतल्या दुसऱ्या हक्काची लाज कुठून आली?

आणि 'ओळख काढा' म्हणणाऱ्यांनी आपल्या घरचा इतिहास विचारावा. आपल्या वस्त्यांतल्या पहिल्या पगारदारांपैकी कितीतरी जण 'एम्प्लॉयमेंटच्या कॉल'वर लागलेले आहेत. शिपाई, कारकून, कंडक्टर, शिक्षक. ते कार्ड घडी घालून ट्रंकेत जपून ठेवलेलं असायचं. त्या कार्डावर नोंदणी क्रमांक होता, तारीख होती. राखीव जागा निघाली की त्या प्रवर्गातली नावं नोंदणीच्या क्रमाने पाठवायची असत. त्यात गडबडी होत नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण माझा नंबर आधी आणि कॉल त्याला कसा, एवढं विचारायला हातात एक कागद होता. ज्याच्या नात्यागोत्यात एकही साहेब नाही, त्याच्यासाठी तो क्रमांक हीच ओळख होती.

ते कार्यालय हळूहळू रिकामं केलं गेलं. रिक्त जागा कळवण्याचा १९५९ चा कायदा मुळातच लेचापेचा होता. जागा कळवायची सक्ती, भरायची नाही, आणि न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फक्त केंद्राकडून आलेल्या नावांवर न थांबता जागांची जाहिरातही द्या. ते योग्यच होतं, संधी सगळ्यांना कळायला हवी. पण नंतर खालच्या जागांवर जाहिरात नाही आणि क्रमांकही नाही, असं कंत्राट आलं. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी कामांसाठी माणसं पुरवायला नऊ खाजगी संस्था नेमल्या आणि राज्यभर ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला. कंत्राटी भरती त्यामुळे थांबली नाही. एजन्सीच्या यादीत बिंदुनामावली नाही, ज्येष्ठता नाही, पोच नाही. तिथे परत एकच चालतं: अरे, तू अमक्यांचा ना?

म्हणूनच खिडकीतल्या माणसावर सगळा राग काढणं मला पटत नाही. तिसऱ्या तारखेला माझी माहिती संगणकात भरणारी मुलगी माझ्याच वयाची होती. बीएस्सी झालेली, एजन्सीमार्फत अकरा महिन्यांच्या करारावर. चहाच्या टपरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, माझा अर्जही याच पोर्टलवर पडून आहे." तिला तिच्या नेमणुकीचं पत्रसुद्धा धड मिळालेलं नव्हतं. जिला स्वतःला कागद मिळत नाही ती मला काय लिहून देणार? तिच्यावर ओरडून मला पाच मिनिटं बरं वाटलं असतं. 'अनुपस्थित' लिहायला सांगणारा मात्र तिच्या मागच्या खोलीत होता.

मग मागायचं काय? माझी मागणी लहान आहे आणि ती जाणूनबुजून लहान ठेवली आहे. बेरोजगारांच्या प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक अर्जाला आणि प्रत्येक हजेरीला तारीख-वेळेसह पोच. सगळ्या त्रुटी एकाच वेळी, लेखी. नकार असेल तर कारणासह लेखी, खाली अधिकाऱ्याचं नाव, आणि अपील कुठे करायचं तो पत्ता. कार्यालयामुळे पडताळणी झाली नाही तर ती अर्जदाराची गैरहजेरी धरायची नाही. पोच दिली नाही हे सिद्ध झालं तर दंड खिडकीतल्या कंत्राटी मुलीला नको, त्या कार्यालयाच्या प्रमुखाला.

हे काही आकाशातलं मागणं नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवेच्या अर्जाला पोच, ठरलेली मुदत, नाकारल्यास लेखी कारण, अपिलाची सोय आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. मध्य प्रदेशने असा कायदा २०१० मध्येच केला, कर्नाटक आणि राजस्थानचे कायदे २०११ चे आहेत. प्रत्येक भत्ता आणि प्रशिक्षण योजना त्या यादीत घाला, एवढंच म्हणायचं आहे. आणि जिथे ती यादीत नाही, तिथे माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ: माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय केलं, त्या नोंदींची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी तो अर्ज केला. उत्तरात माझ्या तीन तारखांपैकी दोन दिवशी 'तांत्रिक अडचणीमुळे पडताळणी झाली नाही' असं आलं. 'अनुपस्थित' कुठून आलं याचा खुलासा नाही. माझं विद्यावेतन बुडालं ते बुडालंच. पण मी गेले होते, हे आता त्यांच्याच शिक्क्याने माझ्याकडे आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी आईसोबत ग्रामपंचायतीत गेले. नमुना ४ भरला, वस्तीतल्या आणखी अकरा बायांचे भरले. पोच मागितली. रोजगार सेवक म्हणाला, पावतीपुस्तक संपलंय. मी म्हटलं, साध्या कागदावर द्या, तारीख आणि सही पाहिजे. तो बराच वेळ फोनवर कुणाशी तरी बोलत राहिला. बाया उन्हात बसून राहिल्या, कोणी उठलं नाही. शेवटी त्याने बारा पोचा लिहिल्या. नवव्या दिवशी नालाबांधाचं काम निघालं.

बारा बायांना काम मिळालं म्हणून गावातली जात गेली नाही, काम संपल्यावर मोजमापाची भांडणं झालीच. पण आईने ती पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या पदवीच्या कागदांसोबत ठेवली आहे. घरातल्या पहिल्या पदवीधर मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी घरचं कुणी कार्यालयात निघालं की सोबत जा, आणि हातात कागद पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

जय भीम.